मशीन बंद, नाद चालू!

माहीत आहे का, ‘रॉक मशीन’ नावाच्या दोन टोळ्या या जगात होऊन गेल्या? एक मुंबईची, १९८४ ची, हातात गिटार. दुसरी कॅनडातल्या माँट्रियलची, १९८६ ची, बुडाखाली मोटारसायकल. त्या दुसरीचं आणि ‘हेल्स एंजल्स’चं १९९४ पासून क्वीबेक प्रांतात असं काही जुंपलं, की दीडशेहून जास्त माणसं जिवानिशी गेली. आपल्या मुंबईकर मशीनने फार तर कानाचे पडदे हलवले. आणि सीनिऑरिटी लावायचीच म्हटली तर दोन वर्षांनी आपणच मोठे!

तर बोला, वाशिमकडच्या अनसिंगच्या स्टँडवर पुसदची एसटी यायला किती वेळ आहे? तेवढ्यात हे वाचून होतंय. गोष्ट एकाच बँडची आहे, पण मध्ये मध्ये फाटे फुटणार. चालेल ना? बसा मग.

हजेरी घ्या!

गिटार : महेश तिनईकर. गळा : उदय बेनेगल. बास : मार्क सेल्विन. कीबोर्ड : झुबिन बालापोरिया. दुसरी गिटार : जयेश गांधी. ड्रम्स : मार्क मेनेझिस. रॉक मशीनची ही गाजलेली टीम.

एका बँडमध्ये दोन मार्क! ग्रेस मार्क नव्हेत, दोघंही मेरिटवर आलेले. आणि ‘बालापोरिया’ वाचून ज्याला अकोल्याचं बाळापूर आठवलं, तो पक्का वऱ्हाडी.

आता त्या काळाची गंमत ऐका. तेव्हा कॉलेज फेस्टिव्हलमध्ये रॉक बँड म्हणजे डीप पर्पल आणि लेड झेपलिन जसंच्या तसं वाजवून दाखवणारी मंडळी. लग्नातल्या ऑर्केस्ट्राला कोणी म्हणतं का, ‘भाऊ, तुमचं स्वतःचं एखादं होऊन जाऊ द्या’? तसंच इथे. पब्लिकला फर्माईश हवी, माल ओळखीचा हवा. स्वतःचं गाणं सुरू केलं की लोक चहा प्यायला बाहेर!

आणि रॉक मशीनने नेमका तोच आगाऊपणा केला. १९८८ साली ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला. इंग्रजीत, मुंबईत बसून.

वर्ष नीट बघा हं. १९८८! त्याच वर्षी दूरदर्शनवर ‘रामायण’ संपलं आणि ‘महाभारत’ सुरू झालं. केबल नाही, एमटीव्ही नाही, मोबाइल तर स्वप्नातही नाही. अख्खा देश रविवारी सकाळी टीव्हीला हात जोडून बसलेला, आणि ही पोरं लांब केस सोडून अॅम्प्लिफायर तापवतायत. धाडस म्हणावं की येडेपणा? मी म्हणेन, दोन्ही. समसमान.

फाटा पहिला : खानदान

माहीत आहे का, मुंबईच्या रॉकचा एक दमदार आवाज मराठी नाटकवाल्यांच्या घरातून आला होता? आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे यांचा मुलगा, नंदू भेंडे! सत्तरच्या दशकात अलेक पदमसींच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ या रॉक ऑपेरात त्याने जूडास गाजवला.

थांबा, पुढचं आणखी भारी आहे. १९७८ मध्ये पु. ल. देशपांड्यांचं ‘तीन पैशाचा तमाशा’ जब्बार पटेलांनी रंगमंचावर आणलं, त्यातही नंदू होता. जूडासच्या किंकाळीपासून तमाशाच्या ठेक्यापर्यंत एकच गळा.

आणि १९८२ च्या ‘डिस्को डान्सर’मध्ये कृष्णाला धरतीवर बोलावणारं जे गाणं आहे, ते गायलंय कोणी? बरोबर. नंदू भेंडे! मिथुनच्या नाचात आपण इतके गुंग होतो, की आवाज कुणाचा हे विचारायचं राहूनच गेलं.

आणखी मागे जायचं? चला, पाचगणी! सातारा जिल्ह्यातल्या या थंड हवेच्या गावी सेंट पीटर्स शाळेच्या बोर्डिंगमध्ये एका पारशी पोराने बाराव्या वर्षी बँड काढला, ‘द हेक्टिक्स’. पोरगा पियानो बडवायचा. नाव फारूख बलसारा. पुढे लंडनला जाऊन झाला फ्रेडी मर्क्युरी, ‘क्वीन’चा राजा!

पण माझा लाडका किस्सा फ्रेडीचा नाहीच. त्याच हेक्टिक्समध्ये फरांग इराणी नावाचा दोस्त होता. त्याने पुढे काय केलं? पुण्यात ‘बाउंटी सिझलर्स’ चालवलं. एक मित्र लंडनमध्ये स्टेज पेटवतोय, दुसरा पुण्यात तवा. चर्रर्र आवाज दोन्हीकडे!

आणि हो, १९७२ मध्ये लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले होते. इथल्या वादकांना घेऊन त्यांनी स्टुडिओत रेकॉर्डिंग केलं आणि कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ नावाच्या क्लबात जाऊन वाजवलंही. क्लबचं नाव पुन्हा वाचा. स्लिप डिस्क! कंबर सांभाळून नाचायचं, बरं का.

पोलीस आले, आवाज वाढला

मुंबईत धोबी तलावाला, सेंट झेवियर्स कॉलेजच्या शेजारी, रंगभवन नावाचं खुलं नाट्यगृह आहे. रॉकवाल्यांची ही पंढरी. १९८६ मध्ये फरहाद वाडियाने स्वातंत्र्यदिनाच्या सुमाराचा ‘इंडिपेंडन्स रॉक’ सुरू केला आणि पिढ्यान्‌पिढ्या पोरं तिथे माना हलवत मोठी झाली. चाहत्यांच्या भाषेत नुसतं ‘आय-रॉक’.

पण त्याआधीचा धमाका माहीत आहे का? मार्च १९८० मध्ये याच रंगभवनात ब्रिटनचा ‘द पोलीस’ हा बँड वाजवून गेला. तोच, स्टिंगचा! आणि कार्यक्रम ठेवला होता ‘टाइम अँड टॅलेंट्स क्लब’ या सेवाभावी संस्थेने, मदतनिधीसाठी.

म्हणजे बघा, १९८० साली ‘पोलीस’ आले आणि आवाज वाढला. पुढे परिसर शांतता क्षेत्रात गेला. शेजारी हॉस्पिटल, कॉलेज, शाळा. मग रात्रीचा दणदणाट बंद. त्यानंतर पोलीस आले की आवाज कमी व्हायचा! रुग्णांच्या बाजूने बघितलं तर निर्णय चूक म्हणवत नाही. पण रंगभवनाची आठवण निघाली की पन्नाशीतले रॉकर आजही हळवे होतात. टक्कल आणि हळवेपणा, दोन्ही एकाच वयात येतं वाटतं.

नावात काय आहे? एमटीव्ही आहे!

१९९० मध्ये रॉक मशीनचा दुसरा अल्बम आला, ‘द सेकंड कमिंग’. मग १९९१ मध्ये स्टार टीव्हीच्या छत्रीतून एमटीव्ही एशिया घराघरांत उतरलं. छत्री म्हणजे डिश हो! ज्यांच्या गच्चीवर ती, त्यांच्या घरी मोहल्ला. रॉक मशीनचं ‘टॉप ऑफ द रॉक’ तिथे झळकलं. आपली पोरं आणि मायकल जॅक्सन, एकाच चॅनलवर!

आता कोणताही शहाणा माणूस काय करेल? जमलेलं नाव घट्ट धरून ठेवेल.

यांनी ते फेकून दिलं. १९९३ मध्ये, नऊ वर्षं घासून चमकवलेलं नाव, एकदम भंगारात!

का? तर ‘रॉक मशीन’ ऐकलं की डोळ्यांपुढे ठोकळेबाज हेवी मेटलवाले यायचे. चामडी जाकीट, साखळ्या, धूर. इकडे बँडचं संगीत तर देशी रंगाकडे सरकायला लागलेलं. मग नवं नाव आलं, ‘इंडस क्रीड’. सिंधू नदीच नावात आणून बसवली. आता कोणी विचारणार नाही, ‘तुम्ही कुठल्या गावचे?’

जुन्या चाहत्यांच्या तोंडून मात्र ‘मशीन’ सुटायला वेळ लागला. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर म्हणतानाही जीभ अडखळलीच होती की.

आणि नवं नाव पायगुणाचं निघालं, राव! त्याच १९९३ साली एमटीव्हीच्या व्हिडिओ म्युझिक अॅवॉर्ड्समध्ये एशिया विभागाचा प्रेक्षक पसंती पुरस्कार इंडस क्रीडच्या ‘प्रिटी चाइल्ड’ला. त्याच रात्री ‘व्हिडिओ ऑफ द इयर’ कोणाला मिळाला माहीत आहे? अमेरिकेच्या ‘पर्ल जॅम’ला, ‘जेरेमी’साठी. पर्ल जॅम हे नाव डोक्यात ठेवा. पुढे लागणार आहे.

फाटा दुसरा : शिंगं!

रॉक शोमध्ये पब्लिक हात वर करून तर्जनी आणि करंगळी ताठ करतं, बघितलंय? त्याला म्हणतात ‘हॉर्न्स’. शिंगं! ही खूण गाजवली रॉनी जेम्स डिओने, १९७९ मध्ये तो ‘ब्लॅक सॅबथ’मध्ये आल्यावर. सैतानाची खूण वगैरे म्हणतात, पण डिओ सांगायचा की ही त्याच्या इटालियन आजीची सवय. कोणाची नजर लागू नये म्हणून! म्हणजे आपल्याकडे मीठ-मोहरी ओवाळतात, तिकडे बोटं दाखवतात. हेवी मेटलचं मूळ निघालं आजीच्या दृष्ट काढण्यात.

आता सांगा, शृंगऋषींचं गाव म्हणून ओळख असलेल्या अनसिंगला शिंगांचं अप्रूप काय असणार? कथेतल्या ऋष्यशृंगांच्या मस्तकावरच शिंग. दशरथाच्या पुत्रकामेष्टीचे पुरोहित ते! इथल्या पोराने रॉक शोमध्ये दोन बोटं वर केली तर त्याला आयात माल म्हणायचं नाही, एवढंच.

आवाज कसा पालटला?

इथे जरा थांबू या, कारण खरा माल इथे आहे.

१९८८ चं रॉक मशीन ऐका. ड्रमचा प्रत्येक ठोका मोठ्या हॉलमध्ये घुमल्यासारखा, कीबोर्डची चमचम, गळा वरच्या पट्टीत, आणि दोन कडव्यांनंतर गिटारची सोलो येणार म्हणजे येणारच. ऐंशीच्या दशकाचा पक्का युनिफॉर्म. शिवण उत्तम होती, पण कापड परदेशी. हे मी प्रेमानेच म्हणतोय.

१९९१ मध्ये अमेरिकेत महिन्याभराच्या अंतराने दोन अल्बम आले, पर्ल जॅमचा ‘टेन’ आणि निर्वाणाचा ‘नेव्हरमाइंड’. झालं! चकाचक केसवाल्या रॉकचा फुगा फुटला. चुरगळलेले चौकडीचे शर्ट आले, खर्जातला वैताग आला, ‘आल्टरनेटिव्ह’ हा शब्द आला. जगभरच्या बँडना आरशात बघावं लागलं. इंडस क्रीडनेही बघितलं. फरक असा की त्यांनी तो चौकडीचा शर्ट उसना आणला नाही. गाण्यांत मोकळी जागा वाढली, अकूस्टिक गिटार पुढे आली, देशी सुरांना आत घेतलं. १९९५ चा ‘इंडस क्रीड’ हा अल्बम म्हणजे पोरांचा आवाज फुटल्याचा पुरावा. मला विचाराल तर त्यांचं सगळ्यात धीट काम हेच.

आणि विकलं काय गेलं त्या वर्षी? अलीशा चिनॉयचं ‘मेड इन इंडिया’! १९९५ मध्येच. इंडिपॉपची लाट अशी उसळली, की म्युझिक चॅनलना हिंदी हवं, कॅसेटवाल्यांना हिंदी हवं, कॉलेजला हिंदी हवं. इंग्रजीत गाणाऱ्या भारतीय बँडने जायचं कुठे? १९९७ मध्ये इंडस क्रीडने गाशा गुंडाळला.

आता पुढची गंमत बघा. उदय बेनेगल गेला न्यूयॉर्कला. तिथे जयेश गांधीबरोबर ‘आम्स फॉर शांती’ नावाचा प्रकल्प उभा केला. अल्बमचं नाव काय ठेवलं? ‘कश्मकश’! मुंबईत होते तेव्हा इंग्रजी, न्यूयॉर्कात गेल्यावर हिंदी. परदेशात गेलं की आईच्या हातचं आठवतं म्हणतात ते असं.

शीलाचा कवी

टीव्हीवर ‘इंडियन आयडॉल’च्या जजच्या खुर्चीत विशाल ददलानी बघितलाय, बरोबर? तो एरवी काय करतो माहीत आहे? बोंबलतो! म्हणजे सुरात. १९९४ मध्ये मुंबईत निघालेल्या ‘पेंटाग्राम’ या आल्टरनेटिव्ह रॉक बँडचा तो गायक. गिटारवर रँडॉल्फ कोरेया, ड्रम्सवर शिराझ भट्टाचार्य आणि बासवर पॅपल माने. हो, माने!

पेंटाग्रामने आवाज कसा बदलला, याला तर तोडच नाही. १९९६ चा पहिला अल्बम ‘वी आर नॉट लिसनिंग’ : दणकट, गिटारींची कुस्ती. मग २००२ चा ‘अप’ : अचानक कॉम्प्युटर आत, इलेक्ट्रॉनिक ठेके आत. जुन्या चाहत्यांनी कपाळाला हात लावला. पहिल्या अल्बमचं नाव आठवा. ‘आम्ही ऐकत नाही’ असं आधीच सांगितलं होतं की!

मधल्या काळात त्यांनी युद्धावर बोलणारं ‘द प्राइस ऑफ बुलेट्स’ केलं आणि त्यात आवाज घेतला जावेद अख्तरांचा. रॉक बँड आणि उर्दू शायर!

२००७ मध्ये विशाल-शेखर या संगीतकार जोडीचं ‘ओम शांती ओम’ देशभर वाजत होतं. त्याच वर्षी पेंटाग्रामचा ‘इट्स ओके, इट्स ऑल गुड’ आला. म्हणजे एकाच माणसाचा हात दोन स्टोव्हवर, आणि करपलं एकही नाही. २०१० मध्ये ‘शीला की जवानी’. त्याचे शब्द कोणाचे? विशालचेच! आणि लगेच २०११ मध्ये पेंटाग्रामचा ‘ब्लडीवूड’. बॉलिवूडमधून दमून आलेल्या माणसाने अल्बमला दुसरं काय नाव द्यायचं होतं?

पण थांबा! आज ‘ब्लडीवूड’ असं शोधलं की सापडतो तो दिल्लीचा भन्नाट मेटल बँड, २०१९ मध्ये जर्मनीच्या वाकेन फेस्टिव्हलमध्ये ढोल घेऊन पोचलेला. दोघांचा संबंध फक्त नावापुरता. शोधताना गल्ली चुकू नका.

२००५ मध्ये पेंटाग्राम इंग्लंडच्या ग्लॅस्टनबरी महोत्सवात वाजवून आला. त्या वर्षी तिथे असा पाऊस कोसळला, की तंबूच्या तंबू पाण्यात. चिखल काय चीज असते हे वाशिमच्या काळ्या मातीतल्या माणसाला कोण सांगणार? आणि हा जगप्रसिद्ध महोत्सव होतो कुठे? शेतात! मायकेल ईव्हिस या दूधवाल्या शेतकऱ्याने १९७० मध्ये तो सुरू केला. तिकीट एक पौंड, आणि तिकिटाबरोबर दूध फुकट. रॉकच्या इतिहासात एवढी पौष्टिक ऑफर दुसरी नाही.

आणखी एक. भारतातलं गाजलेलं रॉक मासिक ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ १९९३ मध्ये निघालं ते कुठून? मुंबई? दिल्ली? बंगलोर? सपशेल चूक. अलाहाबाद! अमित सैगलने संगमाच्या गावातून ते काढलं. तेव्हा छोट्या गावात काय होणार, असं म्हणणाऱ्याला हे सांगून टाका.

पुण्याच्या ‘अग्नी’ या बँडला विसरलो असं वाटलं का? ‘रोडीज’ची गाणी ऐकून रक्त सळसळलेली अख्खी पिढी आहे. त्या अग्नीचा गिटारिस्ट ‘कोको’ म्हणजे आपला कौस्तुभ ढवळे. ‘कोको’ ऐकून वाटलं होतं ना गोव्याचा असेल?

टिन, रॉक आणि टिम

२०१० मध्ये इंडस क्रीड परत आला. बेनेगल, तिनईकर आणि बालापोरिया जुने. बासवर रुशद मिस्त्री आणि ड्रम्सवर जय राव कवी हे नवे गडी. २०१२ मध्ये अल्बम, ‘इव्हॉल्व’. आधीच्या अल्बमपासून किती वर्षांनी? १७! एवढ्यात पोरगं बारावी पास होतं.

या अल्बममधल्या गाण्यांना कुठेही जायची घाई नाही. ‘फायरफ्लाइज’ ऐका : थरावर थर चढत जातात, गिटार आणि कीबोर्ड एकमेकांना जागा देतात, आणि बेनेगलचा आवाज आता किंचाळून लक्ष वेधत नाही. सोलो येते ती गरज लागली तर. हार्ड रॉकचा पोरकटपणा पार धुऊन निघालेला.

आणि आता डोक्यात ठेवायला सांगितलेलं नाव बाहेर काढा. ‘इव्हॉल्व’चं मिक्सिंग केलं टिम पामरने. कोण हा टिम? पर्ल जॅमचा ‘टेन’ मिक्स करणारा. ‘जेरेमी’ त्याच अल्बममधलं! १९९३ च्या त्या रात्री एकाच सोहळ्यात गाजलेली दोन गाणी. १९ वर्षांनी दोन्ही बँडचा कान एकच.

अजून हवंय? याच टिमने १९८९ मध्ये डेव्हिड बोवीच्या एका बँडचा अल्बम घडवला होता. बँडचं नाव ‘टिन मशीन’! रॉक मशीनवाल्यांच्या नशिबात मशीनचा मेकॅनिक लिहिलेलाच होता म्हणायचा.

तो ड्रमर जय राव कवी आणखी कुठे वाजवतो? वॉरेन मेंडोन्साच्या ‘ब्लॅकस्ट्रॅटब्लूज’मध्ये. हा वॉरेन मुंबईच्या ‘झीरो’ या आल्टरनेटिव्ह बँडचा गिटारिस्ट, आणि शंकर-एहसान-लॉय मधल्या लॉयचा पुतण्या. या शहरातलं रॉक म्हणजे सोयरीक जुळवायला घेतली तर चुलत-मावस निघतच जातात.

ऐकायला कुठून सुरुवात करायची? माझं ऐका, उलटं चला. आधी २०१२ चा ‘इव्हॉल्व’, मग १९९५, मग १९९०, आणि सगळ्यात शेवटी ‘रॉक अँड रोल रेनेगेड’. केस आपोआप लांब होत जातात, शप्पथ! फक्त शेवटच्याला पोचलात की हेडफोन लावा. शेजारच्या काकूंची दुपारची झोप मोडली तर इंडस क्रीड येणार नाही सोडवायला.